पितळ उघडं पडलं!

"बोट घेतली!"

मागच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये, एका मंगळवारी दुपारी पावणेतीनला हा मेसेज आला. मंगळवारी दुपारी पावणेतीनला माणसं चहा घेतात, डुलक्या घेतात, फार तर शुक्रवारची रजा मागून घेतात. बोट कोण घेतं? पण आमचा कॅप्टन पहिल्यापासूनच तसला. कॅप्टन हे त्याचं कॉलेजमधलं नाव. मास कॉमला असताना आमच्या डॉक्युमेंटरीच्या शूटवर हा सगळ्यांना कामाला लावायचा आणि स्वतः छत्रीखाली उभा राहून लांब कुठेतरी बघत बसायचा, म्हणून कॅप्टन. पुढे तो जाहिरातीत गेला आणि मी फ्रीलान्सिंगमध्ये आले. म्हणजे त्याला दर महिन्याला पगार मिळतो आणि मला दर महिन्याला 'पेमेंट प्रोसेसमध्ये आहे' असा मेल मिळतो.

तर बोट. साधीसुधी होडी नाही हं, केबिन क्रूझर! गेटवेला उभं राहिलं की लाँचच्या गर्दीत एखादी पांढरीशुभ्र, टोकदार नाकाची मोटरबोट नखरे करत डुलताना दिसते ना, त्या जातीची. पुढच्या निमुळत्या भागात दोन माणसं पाय जुळवून झोपतील एवढा पलंग, टीचभर ओटा, त्यावर एक शेगडी, कपाटाएवढं टॉयलेट आणि पायाखालच्या फळ्या उचलल्या की डिझेलचं इंजिन. मुंबईत वन आरके शोधणाऱ्या माणसाला हे सगळं फारच ओळखीचं वाटतं. तीस फुटी, फायबरची आणि वयाने आम्हा दोघांपेक्षाही मोठी. किंमत? एका बऱ्यापैकी सेकंडहँड गाडीची. त्यासाठी पर्सनल लोन. आणि बायकोला सांगितलेला आकडा खऱ्याच्या निम्मा.

"अगं, वीकेंडला मांडवा, कधी घारापुरी, मध्ये समुद्रात चहा. लाइफ यार!"

त्या हिवाळ्यात मला चार वेळा आमंत्रण आलं. त्यातल्या तीन वेळा बोट जागची हलली नाही. चौथ्यांदा हलली ती घारापुरीच्या अलीकडे बंद पडण्यासाठीच. झालं होतं काय, की इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत ओढणारा एक पंप असतो. त्या पंपात पाकळ्यापाकळ्यांचं एक रबरी चक्र असतं. त्याला इंपेलर म्हणतात. बोट नुसती उभी राहिली तरी रबर कडक होतं, पाकळ्या तुटतात आणि इंजिन तापतं. दर सीझनला बदलायची ती वस्तू. आमच्या बोटीत ती बहुतेक बोटीच्या बारशापासूनच होती. करंज्याकडे निघालेल्या एका मासेमारी बोटीतल्या दादांनी दोरी टाकून आम्हाला ओढत आणलं. पैसे घेतले नाहीत. जाताना फक्त म्हणाले, "पुढच्या टायमाला वल्हं ठेवा." कॅप्टन दोन दिवस कोणाशी बोलला नाही.

मग पावसाळा आला. जून ते ऑगस्ट या बोटींना सुट्टी असते. समुद्र खवळलेला असतो, गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचही बंद असतात. तेव्हा बोट क्रेनने उचलून खाडीकाठच्या एका यार्डात, लाकडी ठोकळ्यांवर ठेवतात. आणि बोट पाण्याबाहेर आली की मेकअप उतरवलेली हिरॉईन दिसावी तसं सगळं दिसतं. तळाला टणक कवचाच्या बार्नकलचा खरबरीत थर, शेवाळाच्या दाढ्या. त्याखाली फायबरवर रुपयाच्या नाण्याएवढे फोड. यार्डातल्या फिटरकाकांनी एक फोड स्क्रू-ड्रायव्हरने फोडला. आतून चिकट पाणी आलं, त्याला चक्क व्हिनेगरचा वास! फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरातून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं, आतल्या रेझिनशी त्याची खिचडी होते आणि फोड उठतात. उपाय काय? थर खरवडायचा, बोट महिना-दोन महिने खडखडीत वाळवायची, मग नव्याने लेप द्यायचा. मुंबईच्या जुलैमध्ये टॉवेल वाळत नाही आणि हे बोट वाळवणार!

तरी काकांनी ताडपत्री टाकली, आत मोठे दिवे लावले. मग एक लाकडी हातोडी घेतली आणि पूर्ण तळावर टकटक, टकटक करत सुटले. कान लावून. खणखणीत आवाज आला की पुढे. बद्द आवाज आला की तिथे खडूने गोल. म्हणजे त्या जागी आतलं प्लायवुड कुजलंय किंवा थर सुटलाय. संध्याकाळपर्यंत बोटीवर अकरा खडूचे गोल होते आणि कॅप्टनच्या चेहऱ्यावर तेवढ्याच आठ्या.

जुलै संपता संपता त्याने ठरवलं की बस झालं. विकायची. बिलं, यार्डाचं भाडं, ईएमआय, आणि बायकोला खरा आकडा कळला होता तो वेगळाच. गिऱ्हाईकही मिळालं. ठाण्याचं एक जोडपं, सात वर्षांची मुलगी. मुलीने शिडीवरून चढून पलंगावर उडी मारली आणि व्यवहार जवळजवळ तिथेच झाला. टोकन आलं. ठरलं असं की फोड बुजवून, दोन हात रंग मारून, नव्या गाद्या घालून सप्टेंबरला बोट पाण्यात आणि चावी त्यांच्या हातात.

रंग मारताना एक कॉक जाम निघाला.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगते, जी मला स्वतःला ऐकून घाम फुटला होता. प्रत्येक केबिन क्रूझरला मुद्दाम पाडलेली भोकं असतात. पाण्याच्या पातळीखाली! इंजिनला पाणी आत घ्यायचं एक, टॉयलेटला पाणी आत घ्यायचं एक, टॉयलेटचं बाहेर जायचं एक, बेसिनचं एक वगैरे. आमच्या बोटीला अशी पाच. प्रत्येक भोकावर आतून एक कॉक बसवलेला असतो, आपल्या सोसायटीच्या टाकीखाली असतो तसलाच. त्याला सीकॉक म्हणतात. त्याला पुढे पाइप जोडलेला. म्हणजे अख्खा अरबी समुद्र आणि तुमची नवीन गादी यांच्यामध्ये मुठीएवढा धातूचा तुकडा. बस, एवढंच.

"तुझा मामा पितळवाला आहे ना?" कॅप्टन म्हणाला. "एवढं हँडल सोडवून आण ना. इथे फिटर नवीनच घ्या म्हणतोय." आणि तो जाम कॉक वर्तमानपत्रात गुंडाळून त्याने माझ्या लॅपटॉप बॅगेत टाकला.

माझं आजोळ सोनगीर. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने शिरपूरकडे निघालात की वीसेक किलोमीटरवर, किल्ल्याच्या पायथ्याशी. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब. पण खानदेशात कोणालाही विचारा, सोनगीर म्हटलं की पुढचा शब्द भांडीच येणार. तांब्या-पितळेची भांडी. हंडे, कळशा, घागरी, तपेली, बंब. लहानपणी सुट्टीत मला अलार्म कधी लागला नाही. सकाळी सकाळी आळीतून ठोक्यांचा आवाज सुरू व्हायचा तो एकाच लयीत नाही, दहा घरांतून दहा लयींत. आता तेवढी घरं राहिली नाहीत. मामांचा मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, तो आला की कानाला हेडफोन लावून वर्क फ्रॉम होम करतो. मामा हातोडी चालवतात, तो कॉल म्यूट करतो. असं चाललंय.

मी गेले ते कानबाईला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि खानदेशातला माणूस मुंबई, पुणे, सुरत कुठेही असो, घरी हजर असतो. बॉसने रजा नाही दिली तर आजारी पडतो, पण येतो. रविवारी रोट, आरत्या, रात्रभर गाणी. सोमवारी विसर्जन. मामीने घासून ठेवलेली पितळी भांडी अंगणात उन्हात चमकत होती. मंगळवारी निघायच्या आधी मला बॅगेतल्या त्या वर्तमानपत्राच्या पुडक्याची आठवण झाली.

मामांनी ते हातात घेतलं, वजन केल्यासारखं वरखाली केलं.

"हाई काय शे?"

"बोटीचा कॉक आहे मामा. हँडल फिरत नाहीये."

मामांनी हँडलकडे बघितलंच नाही. त्यांनी कॉक दोरीने टांगला आणि हातोडीच्या टोकाने हलकेच टिचकी दिली. बद्द. मग शेल्फवरची एक जुनी पितळी तोटी घेऊन तीच टिचकी. टण्ण! परत आमचा कॉक. बद्द. मला एकदम यार्डातले फिटरकाका आठवले. फायबर काय आणि पितळ काय, दोघं एकाच शाळेत शिकलेले!

मग त्यांनी कानस घेतली आणि कडेला चार हात मारले. आता तुम्ही म्हणाल, पितळ घासलं की आतून पिवळंधमक निघणार. निघालं गुलाबी. अगदी तांब्यासारखं, पण निस्तेज, कोरडं, खापरीसारखं. मामांनी ते ऐरणीवर ठेवलं आणि मारलेला ठोका तर इतका हलका होता की त्याने अक्रोडही फुटला नसता. कॉकची गळ्याजवळची रिंग मारी बिस्किटासारखी तुटली.

"मरी गयं हाई पितय," मामा म्हणाले. "समुद्रनी जस्त खाई टाकं."

हे पितळ मेलंय. समुद्राने त्यातलं जस्त खाऊन टाकलंय.

मामांनी समुद्र आयुष्यात दोनदा बघितलाय. एकदा जुहूला, एकदा माझ्या कॉन्व्होकेशनच्या वेळी टॅक्सीतून. पण मोडीत येणारं पितळ ते चाळीस वर्षं बघतायत. खाऱ्या पाण्याच्या विहिरींवरचे पंपाचे पितळी भाग असेच गुलाबी होऊन येतात म्हणे. त्यांचं लॉजिक एकदम सिंपल. पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त. भट्टीत पितळ जास्त तापलं की पांढरा धूर निघतो, तो जस्ताचा. "तिकडे धुरात जातं, इकडे पाण्यात गेलं. राहिलं काय? तांब्याचं जाळं." आकार तोच, आटे तेच, वजनातही फार फरक नाही. फक्त ताकद गेलेली.

मुंबईच्या बसमध्ये बसल्यावर मी फोनवर वाचत गेले. मामांनी दोन वाक्यांत सांगितलं त्यावर इंजिनीयर मंडळींनी केवढं काय काय लिहून ठेवलंय! समुद्राचं पाणी म्हणजे एक पातळ बॅटरीच आहे. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना जोडून ठेवले की त्यातला जो 'हलका', तो आधी विरघळायला लागतो. जस्त त्या बाबतीत अगदीच गरीब, तांबं तालेवार. साध्या पितळेत तर दोघं एकाच घरात राहतात. म्हणून समुद्रात जाणाऱ्या वस्तू साध्या पितळेच्या करतच नाहीत. एक तर गनमेटलच्या करतात, म्हणजे तांब्यात मुख्यतः कथील. नाहीतर पितळेत किंचित आर्सेनिक घालतात, की जस्त सहजासहजी निसटत नाही. दिसायला सगळं सारखंच सोनेरी. आधीच्या कुठल्यातरी मालकाने मूळ कॉक खराब झाल्यावर नळाच्या दुकानातला साधा पितळी कॉक आणून बसवला असणार. स्वस्त, चकचकीत आणि आटे बरोब्बर जुळणारे. जुगाड! बिल्डिंगच्या टाकीवर तो वीस वर्षं टिकला असता.

गंमत म्हणजे हा लोच्या आजचा नाही. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये एचएमएस अलार्म नावाच्या जहाजाच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. किड्यांनी लाकूड खाऊ नये, शेवाळ धरू नये म्हणून. तांब्याचं काम फक्कड झालं. पण पत्रे ज्या लोखंडी खिळ्यांनी ठोकले होते, त्यांतल्या कित्येकांचा गंजून लगदा झाला! जिथे पॅकिंगचा कागद चुकून पत्र्याखाली राहून गेला होता तिथले खिळे मात्र शाबूत. मधे कागद, म्हणून दोन धातूंची गाठच पडली नाही. पुढे १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने डोकं लढवलं की तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडून ठेवा, समुद्र त्याला खाईल आणि तांबं वाचेल. वाचलंही. इतकं वाचलं की तांबं विरघळायचंच थांबलं, आणि तांबं विरघळत नाही म्हटल्यावर शेवाळ, शिंपले सगळे मजेत येऊन बसले. कारण त्यांना पळवून लावत होतं ते विरघळणारं तांबंच. नौदलाने प्रयोग गुंडाळला. आयडिया मात्र टिकली. आज जगातल्या बहुतेक बोटींच्या तळाला जस्ताच्या किंवा तसल्याच कुठल्या 'गरीब' धातूच्या वड्या लावतात, समुद्राने खाव्यात म्हणून. अर्धी वडी संपली की नवीन लावायची. आणि बोटीच्या तळाला जो लाल रंग फासतात त्यातही बहुधा तांब्याचा ऑक्साइडच असतो.

मुंबईचाही यात हात आहे बरं का. आपल्या गोदीत वाडियांनी बांधलेलं सागवानी त्रिंकोमाली जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरलं. त्याच्याही तळाला तांब्याचे पत्रे होते. ते आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय, तिकीट काढून बघता येतं. दोनशे वर्षांचं जहाज तरंगतंय आणि आमच्या बोटीचं वय पस्तीस!

मुद्द्यावर येते. मी मामांकडूनच कॅप्टनला फोटो पाठवला होता. तुटलेली रिंग, गुलाबी कड. लगेच फोन आला.

"हँडल सुटलं का?"

"कॉकच सुटला. मेलाय तो."

"बरं, मग तो एक नवीन टाकू. विषय संपला."

"बाकीचे चार?"

गप्प.

"बाकीचे फिरतायत ना नीट," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "हे बघ, ते ठाणेवाले काही सर्व्हेयर वगैरे आणणार नाहीयेत. 'जशी आहे तशी' असं लिहिलंय आपण. कॉक खोलून कोण बघतं?"

मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर सुचलंच नाही. याच मुलाने मला सेकंड इयरला फीसाठी पैसे दिले होते आणि परत कधी मागितले नव्हते. त्याचा ईएमआय, त्याच्या घरातली भांडणं मला माहीत होती. चार कॉक काढायचे म्हणजे चारही भोकांभोवतीचं नवीन फायबर खरवडायचं, पाइप बदलायचे, गनमेटलचे कॉक घ्यायचे, ज्यांची किंमत साध्यांच्या कितीतरी पट. यार्डाचा अजून एक महिना. टोकनचे पैसे त्याने ऑलरेडी रंगात घातलेले.

फोन स्पीकरवर होता, ते माझ्या लक्षात नव्हतं. मामा शेजारीच एका जुन्या हंड्याला डाक लावत बसले होते, टाकणखाराचा चुरचुर आवाज येत होता. ते काहीच म्हणाले नाहीत. डाक लावून झाली, घासली, आणि हंडा त्यांनी विकायच्या रांगेत ठेवला. ठेवताना फिरवून ठेवला, डाकेची बाजू पुढे. हे ते नेहमीच करतात. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, चांगली बाजू पुढे का नाही ठेवत? तर म्हणाले होते, चांगली बाजू गिऱ्हाईक घरी नेऊन बघेलच की.

त्या दिवशी मी कॅप्टनला फक्त एक हिशोब पाठवला, बसमध्ये बसून केलेला. दीड इंचाचं भोक, पाण्याखाली दोन फूट. मिनिटाला साधारण दीडशे ते दोनशे लिटर पाणी आत. आपल्या बोटीच्या पंपावर लिहिलंय, तासाला ४,००० लिटर. म्हणजे मिनिटाला सदुसष्ट. तेही नवीन असताना, बॅटरी फुल असताना. खाली लिहिलं, 'मुलगी पुढच्या पलंगावर झोपणार म्हणत होती.'

ब्लू टिक आली. उत्तर नाही.

शनिवारी मी यार्डात पोचले तर बोटीखाली पेपर पसरलेला आणि त्यावर चार कॉक ओळीने मांडलेले. कॅप्टन बनियनवर, कोपरापर्यंत काळा. फिटरकाका बाजूला चहा पीत. मी पर्समधून मामांनी दिलेली छोटी कानस काढली. पहिला, गुलाबी. दुसरा घासला, कडेने गुलाबी, आत पिवळा, म्हणजे निम्मा गेलेला. तिसरा पूर्ण गुलाबी. चौथा काळपट हिरवा, दिसायला सगळ्यात घाण, तो इंजिनचा. तो घासल्यावर आतून गच्च लालसर-सोनेरी चमक आली. काकांनी तो घेऊन दगडावर आपटला. टण्ण! "हा कंपनीचा," काका म्हणाले. "गनमेटल. हा तुमच्या नातवाला द्या."

आणि मग काकांनी आम्हाला अजून एक गोष्ट दाखवली. सुकाणूजवळ जस्ताची वडी होती. होती म्हणजे अख्खी होती, कोपरासुद्धा झिजला नव्हता. कारण कुठल्यातरी हौशी रंगाऱ्याने तिच्यावर मस्त दोन हात रंग मारला होता. रंगाखालची वडी समुद्राला दिसणार कशी आणि तो खाणार कशी? जिने आधी मरायचं, ती आत सेफ बसली होती आणि तिच्या वाटचं बाकीच्यांनी भोगलं. ऑफिसात असे लोक असतात, पण ते जाऊ दे.

दुपारी कॅप्टनने ठाणेवाल्यांना फोन केला. मी तिथेच होते. त्याने सगळं सांगितलं, कॉकचं, वडीचं, अकरा खडूच्या गोलांचंसुद्धा. आवाज अगदी क्लायंट मीटिंगसारखा. शेवटी म्हणाला, "सगळं बदलून देतो, पण ऑक्टोबर उजाडेल."

ते रविवारी आले. नवऱ्याने तुटलेला कॉक हातात घेऊन बराच वेळ बघितला. बायकोने घेतलाच नाही. मुलगी शिडी चढायला लागली तर तिने दंड धरून खाली ओढली. दोन दिवसांनी त्यांनी नम्रपणे टोकन परत मागितलं. कॅप्टनने ते क्रेडिट कार्डावरून दिलं. त्याचं व्याज किती लागतं ते मी इथे लिहीत नाही, त्याची बायको हा कॉलम वाचते.

तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बोट पाण्यात उतरली, अजूनही कॅप्टनचीच. चार नवे गनमेटलचे कॉक, एक जुना. प्रत्येक पाइपला स्टीलच्या दोन-दोन पट्ट्या. प्रत्येक कॉकच्या शेजारी दोरीने बांधलेलं निमुळतं लाकडी बूच, की काही झालंच तर भोकात ठोकायला. नवीन जस्ताच्या वड्या, त्यांवर रंग न मारण्याची काकांची सक्त ताकीद. इंपेलर नवा, एक स्पेअर. आणि हो, एक वल्हं. बोट पाण्यात टेकल्यावर आम्ही वर जाऊन सेल्फी काढले नाहीत. फळ्या उचलून, पालथे पडून, मोबाइलचे टॉर्च लावून अर्धा तास पाच कॉक बघत बसलो. शाफ्टच्या पॅकिंगमधून थेंब पडत होते, ते पडायलाच हवेत म्हणे, शाफ्ट फिरताना मिनिटाला थोडे थेंब. कॅप्टन ते मोजत होता. चौथ्यांदा मोजायला लागला तेव्हा काकांनी टॉर्च काढून घेतला.

बोट विकायचीच आहे. जाहिरात परत टाकली आहे, त्यात पहिलाच फोटो तुटलेल्या कॉकचा. अजून कोणाचा फोन नाही. कॅप्टनची बायको म्हणते हा फोटो आधी काढ. तो म्हणतो बघू.

संध्याकाळी गेटवेसमोर बोट बांधून झाल्यावर मी मामांना व्हिडिओ कॉल लावला. मागे आळीतले ठोके ऐकू येत होते, दोन की तीन घरांतले. मी कॅमेरा फिरवून बोट दाखवली, मग ताज, मग समुद्र. मामांनी समुद्राकडे फार लक्ष दिलं नाही.

"बुडनी नही ना?"

"नाही मामा."

"मंग घर जाताना कॉक बंद कर म्हना त्याले."

कॅप्टन परत आत गेला.